बाराच्या भोंग्याची गणती

१ जुलै १९५७, सोमवार

पोहोचलो एकदाचा. निघताना आईने तीनदा बजावलं होतं की मुंबईत कुणाच्या घरचं काहीबाही खाऊ नकोस, आणि पहिल्याच दुपारी मी सुंदराबाईंच्या हातचा बांगडा दोनदा मागून खाल्ला. ही वही सांगलीला आईच्या हाती लागली नाही म्हणजे मिळवली.

राहायची सोय लालबागेत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. घरमालक बाबुराव गिरणीत कार्डिंग खात्यात आहेत. कामावरून येतात तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असतो. त्यांची बायको सुंदराबाई गिरणीतल्या गड्यांची खानावळ चालवते. मुलगा सीताराम, सून राधा. मला पोटमाळा दिला आहे. ताठ उभं राहता येत नाही, पण राज्य माझं एकट्याचं. बाबुराव समितीचे कडवे कार्यकर्ते. मी ट्रंक टेकवायच्या आत त्यांनी विचारून घेतलं की सांगलीकर कोणत्या बाजूचे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या, म्हटल्यावर मला दुसरा चहा मिळाला.

नोकरीचं सांगायचं तर बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं म्हणून सगळे हसले होते, आणि आता त्याच्याच जिवावर मी मुंबईत आहे. आमच्या संस्थेचं नाव ‘गिरणगाव जीवनिधी’. कचेरी गिरगावात. तिथले सर्वेसर्वा तात्या. एवढ्या वस्तीत माणूस सोडून आणखी कोण कोण राहतं, किती जातींचे जीव आणि प्रत्येक जातीचे किती, हे त्यांना मोजून हवं आहे. मोजणारा मी.

४ जुलै

मदतीला भिवा मिळाला आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा, पूर्वी उंदीर धरण्याच्या कामावर होता, त्यामुळे परळ-लालबागचं प्रत्येक गटार त्याच्या ओळखीचं. मला मास्तर म्हणतो. गेल्या दसऱ्याला त्याच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला. ते सांगताना तो जरा ताठ बसतो, आणि मला ते आवडतं.

आज एका चाळीत अडतीस जाती लागल्या. चिमण्या, कावळे, पारवे, पिंपळावर पोपट आणि एक घार, दोन तऱ्हेच्या पाली, तीन तऱ्हेचे उंदीर, चिचुंद्र्या, मांजरं, वटवाघळं, नळाशी बेडूक. ढेकूण मोजायचे नाहीत हे भिवाने हात जोडून सांगितलं.

आमचे प्राध्यापक म्हणायचे की नुसत्या जाती मोजू नका, कोण कुणाचं खातं ते लिहा. एक जीव पाटावरून उठला की पाट रिकामा राहत नाही, दुसरं कुणीतरी येऊन बसतं. कोण बसेल ते मात्र आपल्या हातात नसतं. परीक्षेत मी यावर चार पानं लिहिली होती.

९ जुलै

कावळे मोजता येत नाहीत. या छपरावर वीस मोजावेत तर त्यातलेच बारा पुढच्या छपरावर जाऊन बसतात आणि मला वेड्यात काढतात.

आज तोड सापडली, आणि तीही जेवताना. पहिली पंगत बसायच्या आधी सुंदराबाई भाताचा एक घास गॅलरीच्या कठड्यावर ठेवतात, कावळ्यासाठी. चाळीतल्या सगळ्याच बायका ठेवतात, पण ज्याच्या त्याच्या वेळेला. मनात आलं की सगळ्यांनी एकाच क्षणी ठेवला तर? एक कावळा दोन कठड्यांवर बसू शकत नाही. आणि एकच क्षण सगळ्या लालबागेला सांगणारी वस्तू इथे आहेच: गिरणीचा बाराचा भोंगा. भोंगा मिनिटभर वाजतो. तेवढ्यात आपापल्या दारापुढे किती आले ते मोजायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा. संध्याकाळी भिवा चिठ्ठ्या गोळा करील.

चाळीस दारं ठरवली. समोरासमोरच्या आमच्या दोन चाळींतली चौतीस आणि भिवाच्या चाळीतली सहा. रात्री झोप आली नाही इतका मी स्वतःवर खूष आहे.

१६ जुलै

घोळ झाला होता तो निस्तरला. सुंदराबाईंच्या दारी नऊ कावळे आणि शेजारच्या कमलाबाईंच्या दारी दोन, असं रोज येत होतं. कमलाबाईंकडे श्रावणाआधीच माशांना सुट्टी दिली आहे, हे भिवाने हळूच सांगितलं. कावळे मोजायचे तर आमिष सगळीकडे सारखं हवं. म्हणून आता घास नाही, कणकेची गोळी. सुपारीएवढी, ना मोठी ना लहान. मी स्वतः प्रत्येक घरात माप दाखवून आलो. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. बाबुराव म्हणाले की मतं मोजताना सरकारने एवढी काळजी घेतली असती तर आमच्या आणखी दोन जागा आल्या असत्या.

कावळ्यांनी पहिले दोन दिवस गोळीकडे तिरक्या मानेने पाहिलं. आता भोंग्याच्या पाच मिनिटं आधीच ओळीने येऊन बसतात. राधा म्हणते, गिरणीतल्या गड्यांपेक्षा वक्तशीर आहेत.

२४ जुलै

चाळीस दारं, आठ दिवस, सरासरी तीनशे बारा. असा आकडा मुंबईत कुणाकडे नसेल.

तात्यांनी बोलावलं होतं. निधी आता उंदरांचं औषध घालणार आहे. एक काळी पूड असते, ती कणकेत मळायची. उंदराला चटक लागावी म्हणून गूळ घालायचा. या औषधाने बाकीच्या जिवांना धोका आहे का, याचं उत्तर त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं. मी पाच ओळी लिहून दिल्या. कावळा हा अत्यंत धूर्त पक्षी असून वासावरून विष ओळखतो, सबब धोका संभवत नाही. खाली झोकदार सही.

जिना उतरताना भिवाने विचारलं की तुम्ही त्यांना वास घेताना बघितलंय काय. पुस्तकात आहे, असं मी सांगितलं. पुस्तकात नव्हतं.

२ ऑगस्ट

काल औषध घातलं. निधीची माणसं दुपारी बाराच्या सुमाराला आली, कारण तेव्हा घरोघर दारं उघडी असतात. गोळ्या छपराच्या कडेला, मोरीपाशी, गॅलरीत, सगळीकडे. पूड आणि गूळ आत, वरून साध्या कणकेचं आवरण, त्यामुळे रंग कणकेसारखाच. मापही जवळपास आमच्याच गोळीचं.

भोंगा वाजला तेव्हा मी गिरगावात चहा पीत होतो.

३ ऑगस्ट

दोन्ही चाळींमधल्या गल्लीत कावळे पडले आहेत. पाय आखडलेले, चोची उघड्या. मी आणि भिवाने पाट्या भरून उचलले. वर उरलेले कावळे घिरट्या घालत होते आणि ओरडत होते, भिवाकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. पाटी माझ्या हातात होती.

सगळं उचलून झाल्यावर हात धुताना भिवा म्हणाला, “मास्तर, गोळी खायची सवय आपणच लावली त्यांना. भोंग्यावर यायची पण आपणच.”

१० ऑगस्ट

आजचा आकडा एकेचाळीस. तात्यांना औषधानंतरची गणती हवी आहे, म्हणून कणकेची गोळी ठेवणं चालू आहे. पण उरलेले कावळे कठड्यावर येत नाहीत. दुरून बघतात. काहीही गोल दिसलं की उडून जातात. पुस्तकात हे खरोखरच आहे: कावळा एकदा शिकला की विसरत नाही.

मेलेले उंदीर खाऊन मांजरं गेली. घार पिंपळाखाली सापडली. मेलेलं उचलायला आता कुणी नाही, त्यामुळे गल्लीत वास आणि माश्यांचे थवे. जाती अडतीसवरून एकवीसवर आल्या. शहरभर फ्लूची साथ आहेच. बाबुरावांना कालपासून ताप.

१४ ऑगस्ट

बाबुराव गेले. पहाटे. शेवटपर्यंत खोकत होते. अंत्ययात्रेला सगळी चाळ होती आणि समितीचा झेंडा होता. मला ते चांगले वाटायचे. खरंच चांगले वाटायचे.

आजचा आकडा तीन.

२३ ऑगस्ट

दहावा. दादरच्या चौपाटीवर. सीतारामने पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरलो.

दूर माडावर सात-आठ कावळे होते. एकही खाली उतरला नाही. पिंड गोल होते. मला तेव्हाच कळलं.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, म्हणून एकेक जण पुढे होऊन शब्द द्यायला लागला. सीताराम म्हणाला, आईला सांभाळीन. राधा म्हणाली, खानावळ बंद पडू देणार नाही. तासभर गेला. मग समितीचे रामदास पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, “बाबुराव, मुंबई महाराष्ट्रात येणार. नाय आली तर आमचं तोंड बघू नका.” म्हातारी माणसंसुद्धा रडली. कावळे माडावरच. मी जरा पुढे सरकलो, तर ते एकदम ओरडत उठले आणि वरळीच्या बाजूला गेले. ते माझं तोंड ओळखतात.

तीन वाजता भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. अशी सोय शास्त्रात आहे म्हणतात. सगळ्यांनी मान डोलावली, सुंदराबाईंनी नाही. गवताच्या कावळ्याने माझा माणूस फसायचा नाही, म्हणाल्या. खरा कावळा शिवेपर्यंत अन्नाला हात लावणार नाही. चहा तेवढा घेईन.

त्यांना कुणीतरी समजावील असं वाटत होतं. कुणी समजावलं नाही.

२७ ऑगस्ट

चिठ्ठ्यांत चूक आहे. आज मी गच्चीवरून दुर्बीण लावून पाहिलं, एकही कावळा नव्हता. आणि आमच्या दाराच्या चिठ्ठीवर राधाच्या अक्षरात ‘१’.

विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली की जे येतं ते मी मोजते. काय येतं, ते सांगेना.

३० ऑगस्ट

आज अकरा दारांवर ‘१’. मी चाळीतल्या साथीत गेलेल्यांची नावं लिहून काढली. औषध घातल्यानंतर गेलेले. अकरा. दारं तीच.

योगायोग म्हणावा तर एक तरी दार चुकायला हवं होतं.

नायगावच्या सहा चिठ्ठ्यांवर शून्य. भिवाची आईही याच साथीत गेली आहे. मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की आम्ही ते पिंड वगैरे सोडलं, आई गेली ती गेली, मेणबत्ती लावली आणि रडलो. आमच्याकडं शून्यच येणार.

२ सप्टेंबर

बाराला मी स्वतः आमच्या कठड्यापाशी उभा राहिलो. उजेड लख्ख होता. खाली नळावर बायका भांडत होत्या. राधाने गोळी ठेवली. भोंगा सुरू झाला. मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

मागे कुणीतरी खोकलं. मी वळलो नाही, शपथ. गोळी होती, आणि मग नव्हती. भोंगा थांबला. कठड्यावर कापूस होता. चिमूटभर, ओला.

सुंदराबाई उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, “तेंका भूक लागली हा. खातत, पण पोट भरना नाय.”

५ सप्टेंबर

परवा भायखळ्याच्या पलीकडच्या एका पाखरंवाल्याकडून कावळा आणला, पिंजऱ्यात. पिंड पुढे ठेवला. कावळ्याने पाठ फिरवली. माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी मरून पडला, चोच घट्ट मिटलेली.

सीतारामला आणि राधाला पिंड घेऊन वाळकेश्वरला पाठवलं, मी नसताना तरी येतील म्हणून. आले नाहीत. कावळे एकमेकांना सांगतात. तेवढं सगळ्या मुंबईला पुरलं.

सुंदराबाईंची चोळी अंगावर लोंबते.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला.

आमच्या दारी ‘४’.

राधा म्हणाली, मामंजींच्या मागे त्यांचे आईवडील आणि एक धाकटे काका. आधी गेलेले, सुटलेले. पंधरवड्यात घास मागायला येतात ते सगळे, आणि घास पोचवणारा आता कुणी नाही, म्हणून परत जात नाहीत.

मी चाळभर फिरलो, गोळ्या ठेवणं बंद करा म्हणून पाया पडलो. पंधरवड्यात आपल्या माणसाला उपाशी ठेवायचं? कमलाबाईंनी एवढंच विचारलं आणि दार लोटलं. दोष कुणी दिला नाही. गणती माझी हे सगळ्यांना ठाऊक, पण सवय माझी, सही माझी, हे चाळीत अजून कुणाला माहीत नाही.

१४ सप्टेंबर

गोळ्या पुरत नाहीत. आता ते घरातलं खातात. बारानंतर भात हंड्यात असतो पण त्याला चव नसते, कस नसतो. ओली राख खाल्ल्यासारखं. पंगतीतले गडी दोन घास खाऊन उठतात. सगळी चाळ वाळत चालली आहे. कमलाबाईंच्या मुलीचं तान्हं दूध ओढत नाही.

उंदीर परत आले. पूर्वीपेक्षा जास्त. मांजरंच नाहीत.

जाती — अकरा. मी अजून मोजतो. दुसरं काय येतं मला?

१८ सप्टेंबर

चौतीस दारांची बेरीज केली. तीनदा केली.

तीनशे बारा.

पाट रिकामा राहत नाही.

२० सप्टेंबर

सुंदराबाई आज उठल्या नाहीत. राधाने चमच्याने चहा घातला, तो ओघळला. डोळे उघडे, कठड्याकडे. ओठ हलत होते. कान लावला तर, “कावळो इलो?”

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. पाच ओळी, सही, गूळ, सगळं. त्यांनी ऐकलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुन्हा म्हणाल्या — कावळो इलो?

बाराला सीतारामने पिंड ठेवला. भोंगा. मागून खोकला. मला काय झालं ठाऊक नाही — कठड्याशी उकिडवा बसलो, हात न लावता, तोंडानेच — पिंड खाल्ला.

घशात कापूस. बाबुरावांचा खोकला माझ्या छातीत, एकदाच, मोठा. मग मोकळं. इतकं मोकळं की मी रडलो.

सुंदराबाईंनी मान वळवली. म्हणाल्या, जेवून उठले ते. मग म्हणाल्या, पेज करा गो.

वाटीभर प्यायल्या. वाटीभर!

२१ सप्टेंबर

आमच्या दारी शून्य.

आणि गॅलरीत बायका. आपापली गोळी हातात धरून उभ्या. कमलाबाईंच्या खांद्यावर ते तान्हं — रडायचंही त्राण नाही त्याला.

मला ताटातलं जात नाही. राधाने वाढलं, घशाखाली उतरेना. बाराला मात्र — भोंगा वाजला आणि इतकी भूक — मी पोटमाळ्याच्या कठड्यावर बसलो होतो. दोन्ही पाय वर. कधी चढलो आठवत नाही.

२२ सप्टेंबर

तात्या. उंदीर वाढले म्हणून औषधाची दुसरी फेरी उद्या. उद्या सर्वपित्री. बाराच्या आधी. दुप्पट गोळ्या. मी ओरडलो, टेबलावर हात आपटले. त्यांनी फाइल उघडून माझ्या पाच ओळी मला वाचून दाखवल्या. वर सांगितलं की गोळीचं तुमचं माप सोयीचं पडतं, आता तेच ठेवलंय. सुपारीएवढी.

भिवा मला ओढत नायगावला घेऊन गेला. त्याच्या खोलीत बाराचा भोंगा ऐकला. काही झालं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, भाकरी, ठेचा. मी खाल्लं. ताटातून खाल्लं! भिवा म्हणाला, उद्या इथंच बसा मास्तर. उद्याचा दिवस इथं काढा, मग सांगलीला जा. सगळ्यांचं सोडवायला तुम्ही काय कावळा आहात?

मी हो म्हटलं. राहतो म्हटलं. मला जगायचं आहे, आईकडे जायचं आहे, हे इथे लिहून ठेवतो.

२३ सप्टेंबर, सोमवार. सर्वपित्री

सकाळी भिवाकडून निघालो. त्या तान्ह्याचं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

साडेअकरा. निधीची माणसं येऊन गेली. त्यांच्या गोळ्या आणि बायकांच्या गोळ्या, एकाच कठड्यावर — मी पाहिल्या. मला फरक कळत नाही. माप माझंच. बायकांना सांगितलं, आज नका ठेवू. कमलाबाई म्हणाल्या, आजच तर ठेवायची.

भिवा माझ्यामागोमाग आलाय. पुढे पळतोय, औषधाच्या गोळ्या वेचायला. फोडून बघतो, गुळाचा वास येतो का. चौतीस दारं, एकटा भिवा. मला शिव्या देतोय. रडतोय.

सुंदराबाई दारात उभ्या आहेत. उभ्या! भिंतीला धरून. हाताने मला नको नको करतायत.

बाराला पाच. गॅलरीत गर्दी. बायका दिसतात त्या मी मोजल्या. बाकीचे — मोजत नाही.

नोंद करत जाईन. चुकू नये.

भोंगा —

दार दोन. कमलाबाई. कणीक. तान्हं रडलं! मोठ्याने रडलं —

दार तीन. कणीक. म्हातारी कुणीतरी. हलकं वाटतं —

चार, पाच — कणीक —

सहा. दोन गोळ्या. भिवा इथवर पोचला नाही. दोन्ही — कोणती कुणाची —

भोंगा थांबत नाही. मिनिट केव्हाच —

सहा, पहिली. कणीक.

सहा, दुसरी — गोड ला